एक दिवा, एक चेहरा: नाकाच्या सावलीवरून पोर्ट्रेटचा उजेड लावायला शिका

एक संत्रं घ्या. सैल सालीचं नको, जरा घट्ट आणि गोल बघा. त्यात मधोमध एक लवंग टोचा, अर्धी आत आणि फुलाची बाजू बाहेर. संत्रं वाटीत बसवून टेबलावर ठेवा, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च त्याच्याभोवती सावकाश फिरवा. टॉर्च लवंगेच्या अगदी समोर धरला की लवंगेची सावली तिच्यामागेच लपते. टॉर्च वर नेला की ती खाली उतरते. बाजूला नेला की पलीकडच्या सालीवर लांब होत जाते. आता टॉर्चपुढे एक वीत अंतरावर बटर पेपर धरा. सावलीची धारदार कड विरते, आणि सालीवरचे जे बारीक खड्डे मघाशी एकेक मोजता येत होते ते दबून जातात.

लवंग म्हणजे नाक आणि साल म्हणजे कातडी. एका दिव्यात पोर्ट्रेट काढायचं म्हणजे हेच, फक्त संत्र्याच्या जागी माणूस. नागपुरात आंबिया बहार आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन हंगाम मिळून वर्षातले बरेच महिने संत्री असतात, त्यामुळे कोणी शिकायला आलं की कॅमेरा हातात देण्याआधी मी हेच करायला लावतो. दहा मिनिटांत जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही.

नवीन माणूस उजेडाकडे बघतो. चेहरा नीट दिसतोय, चला, क्लिक. माझा आग्रह एवढाच की नाकाच्या सावलीकडे बघा. दिवा कुठे आहे, किती वर आहे, केवढा आहे आणि आता तो कुठे सरकवायला हवा, हे सगळं त्या बोटाएवढ्या सावलीत दिसतं. दुसरा दिवा आणला की दोन सावल्या पडतात आणि त्या वाचणं अवघड होतं. म्हणून सहा महिने तरी एकच दिवा.

पायरी पहिली: खोली काळोखी करा

या बाबतीत नागपूरचा उन्हाळा आपल्या बाजूने आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कोण बाहेर पडतं? खिडकीत कूलर बसलेला, उरलेल्या काचांवर जाड पडदे किंवा पुठ्ठे, घरात संध्याकाळ झाल्यासारखा अंधार. ही खोली म्हणजे आयता स्टुडिओ. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात मधली खोली अशीच होती आणि माझे सुरुवातीचे सगळे फोटो तिथलेच आहेत.

ट्यूबलाईट बंद करा. ती डोक्यावर सुरू राहिली तर नाकाखाली दुसरी, फिकट सावली येते. रंगाचाही घोळ होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळसर बल्ब साधारण ३००० केल्विनचा असतो आणि पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. एक गाल पिवळा, दुसरा निळसर. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो तो व्हाईट बॅलन्स, आणि तो एका वेळी एकालाच सांभाळतो.

कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच माझे बरेच फोटो वाया गेले आहेत. कूलर सुरू असला की कागद फडफडतो आणि उजेड हलतो. बंद केला की पाच मिनिटांत समोरच्याचं कपाळ आणि नाकाचा शेंडा घामाने चमकायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे सगळी मांडामांड, फोकस, चाचणीचे फोटो कूलर सुरू ठेवून करा. शेवटी तीन-चार मिनिटं बंद करून फोटो काढा, पुन्हा सुरू करा. घाम रुमालाने टिपा, पुसू नका. पुसला की कातडी लाल होते आणि कुंकू, पावडर सगळं पसरतं.

आणि वायर. कूलरखाली पाणी सांडलेलं असतं, आपण अनवाणी असतो, हातात दिव्याचा स्टँड असतो. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर टाकू नका, लाकडी स्टुलावर ठेवा. दिव्याची वायर कूलरच्या बाजूने आणूच नका.

पायरी दुसरी: सामान जमवा

एक एलईडी बल्ब, १५ ते २० वॉटचा. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असेल तर ९० किंवा त्याहून जास्तीचा घ्या. या आकड्यावरून त्या उजेडात रंग किती खरे दिसतील ते कळतं. कमी सीआरआयच्या बल्बखाली आपल्याकडची गव्हाळ, सावळी कातडी मातकट, निर्जीव दिसते, ओठांतला लाल रंग फिका पडतो.

बल्ब घेतल्यावर त्याची एक परीक्षा करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (आकडे हाताने ठरवायचा) असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१००० सेकंदावर नेऊन पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या त्याच्या उजेडाकडे कॅमेरा धरा. स्क्रीनवर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब लुकलुकतो. आपली घरची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दुसरा बल्ब मिळत नसेल तर शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेवा, म्हणजे पट्टे येत नाहीत.

बटर पेपरचा मोठा ताव किंवा ट्रेसिंग पेपर, निदान दोन बाय तीन फुटांचा. तो बल्ब आणि चेहरा यांच्या मध्ये टांगायला कपडे वाळवायचा घडीचा स्टँड उत्तम, वर दोन चिमटे लावले की झालं. बटर पेपर नसेल तर इतवारीच्या बाजारातून पांढरं मलमल आणा, किंवा घरातलं जुनं धोतर वापरा. फक्त ते पिवळं पडलेलं नसावं. तो पिवळेपणा थेट चेहऱ्यावर उतरतो.

जुना हॅलोजन घरात पडला असेल आणि तो वापरायचा मोह झाला तर कागद त्याच्याजवळ नेऊ नका. हॅलोजनने कागद पेटतो.

सावलीच्या बाजूला धरायला काहीतरी पांढरं लागेल. फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल माळ्यावर असेलच, नाहीतर पांढरी कार्डशीट आणा. शिवाय एक काळी शाल किंवा चादर हाताशी ठेवा. तिचं काम पुढे येईल.

पायरी तिसरी: माणूस बसवा, कॅमेरा ठरवा

पाठ नसलेलं स्टूल द्या. खुर्चीत माणूस मागे रेलतो, हनुवटी गळ्यात जाते. स्टूल भिंतीपासून सहा फूट पुढे ओढा. त्याचं कारण अंतराच्या पायरीत येईल.

कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ५० मिलिमीटरची साधी लेन्स असली तर फारच छान. अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं मोठं; आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते. अपर्चर एफ २.८, शटर १/१००, आयएसओ १६००, हे २० वॉटच्या बल्बसाठी आणि कागद चेहऱ्यापासून तीन फुटांवर असताना सुरुवात करायला ठीक. तिथून पुढे फोटो बघून आयएसओ वरखाली करा. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स असेल आणि अपर्चर ५.६ च्या खाली उतरत नसेल तर शटर १/५० आणि आयएसओ ३२००. हात स्थिर ठेवा, कोपर बरगड्यांना टेकवा.

मोबाईल असेल तर मुख्य लेन्सने चेहऱ्याजवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. पाच-सहा फूट मागे राहून दोन पट झूम घ्या. स्क्रीनवर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पोर्ट्रेट मोड बंद. तो केसांच्या आणि चष्म्याच्या कडा पुसतो, शिवाय चेहऱ्यात आपल्या मनाने फेरफार करतो. आपण तर सावली शिकायला बसलो आहोत.

पायरी चौथी: दिवा फिरवा

ही मुख्य पायरी. इथे घाई करू नका, एक अख्खी दुपार द्या.

समोरच्या माणसाला घड्याळाच्या मधोमध बसवलंय आणि तुम्ही कॅमेरा घेऊन सहावर उभे आहात असं समजा. कोणाला तरी दिवा आणि कागद धरायला लावा किंवा स्टँड स्वतः सरकवा. दिवा कॅमेऱ्याच्या वर, सहावरच, पण चेहऱ्यापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा. नाकाची सावली सरळ खाली, नाक आणि ओठ यांच्या मध्ये पडते, लहानशा फुलपाखरासारखी. गालाची हाडं उठून दिसतात. ज्यांचा चेहरा रेखीव आहे त्यांना ही जागा शोभते. गाल बसलेल्यांना शोभत नाही, गाल आणखी आत जातात.

आता दिवा सातकडे सरकवा. सावली नाकाच्या बाजूला वळते आणि तोंडाच्या कोपऱ्याकडे झुकलेला छोटा वळसा होतो. तो ओठाला लागता कामा नये. दहापैकी सात चेहऱ्यांना ही जागा चालते, आणि कोणाला घाईत फोटो हवा असेल तर मी दिवा इथेच ठेवतो.

साडेसातच्या पुढे, आठकडे. नाकाची सावली लांबत लांबत गालाच्या सावलीला जाऊन मिळते, आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ, जन्म १६०६, मृत्यू १६६९, त्याच्या चित्रांत हा उजेड पुन्हा पुन्हा येतो, म्हणून फोटोग्राफर याला त्याचंच नाव देतात. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा असं मानतात. तो मिळवायला फार वेळ लागत नाही, पण टिकवायला लागतो, कारण समोरच्याने मान बोटभर फिरवली की त्रिकोण मोडतो. दिवा हलवत बसण्यापेक्षा सांगा, ‘हनुवटी थोडी कागदाकडे घ्या.’

नऊवर दिवा नेला की चेहऱ्याचे सरळ दोन भाग. अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. दशावतारी नट, पहिलवान, हट्टी नजरेची माणसं यांना ही जागा द्या. लग्नाच्या बायोडेटाला देऊ नका.

या चार जागा तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहिल्यात की नावं विसरलात तरी चालेल.

आता उंची. समोरच्याच्या डोळ्यांत निरखून बघा. बुबुळावर कागदाचं पांढरं, लहान चौकोनी प्रतिबिंब दिसतं. घड्याळात दहा किंवा दोन वाजता काटा असतो, साधारण त्या जागी ते हवं. ते दिसेनासं झालं तर दिवा फार वर गेला आहे. भुवईची सावली डोळ्यांत भरते, डोळे खड्ड्यात गेल्यासारखे दिसतात, आणि कितीही छान हसू असलं तरी फोटो मेलेला वाटतो. फार खाली आला तर नाकाची सावली उलटी, वर कपाळाकडे जाते. दिवाळीत हातात पणती धरून काढलेले फोटो भेसूर का येतात त्याचं कारण हेच. पणती छातीशी नको, डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलून जरा बाजूला धरायला सांगा.

दिवा फार वर गेला की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच गावात वर्षातून दोनदा बघायला मिळतं. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली जाते. तो शून्य सावलीचा दिवस. त्या वेळी कस्तुरचंद पार्कच्या मैदानात कोणाला उभं करून बघा, डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे आणि नाकाखाली मिशीसारखा काळा डाग. त्याच माणसाला चार पावलं मागे, ओसरीच्या छपराखाली घ्या आणि तोंड अंगणाकडे करा. वरचा सूर्य छपराने अडवला, उरला तो समोरच्या अंगणावरून येणारा मोठा, मऊ उजेड. डोळे लगेच जागे होतात.

म्हाताऱ्या माणसांच्या भुवया पुढे आणि डोळे आत असतात. त्यांच्यासाठी दिवा वीतभर खालीच ठेवा. हे मी शेजारच्या आजींकडून शिकलो. नव्वदीला आलेल्या, चांगलं रुपयाएवढं कुंकू, जाड काचांचा चष्मा. मी पाऊण तास दिवा वरखाली करत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, ‘काय बाप्पा, एका फोटूसाठी किती वेळ लावून राहिला तू?’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटं, आजी. माझ्याकडे नका बघू, त्या कागदाकडे बघा.’ त्यांनी मान वळवली, चष्म्याच्या काचेवरचा पांढरा चौकोन सरकून बाहेर गेला आणि आत पाणीदार डोळे दिसले.

चष्म्याचा प्रश्न सगळ्यांना पडतो, तर तो इथेच संपवू. काचेवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. तो परतून कॅमेऱ्यात येत असेल तर तीनपैकी एक करा. दिवा थोडा वर आणि बाजूला न्या, किंवा हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर बोटभर उचला म्हणजे काचा जमिनीकडे झुकतात. काड्या उचललेल्या फोटोत कळत नाहीत. चष्मा काढून घेऊ नका. रोज चष्मा लावणाऱ्या माणसाचा चेहरा चष्म्याशिवाय परका दिसतो, आणि नाकावरचे वळ दिसतात ते वेगळेच.

पायरी पाचवी: जवळ आणा

नवीन माणसाची सवय अशी की उजेड फार वाटला की दिवा लांब न्यायचा. पोर्ट्रेटमध्ये बहुतेक वेळा उलटं करायला हवं.

सावली मऊ की धारदार, हे चेहऱ्याला उजेड केवढा मोठा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब की आपल्याला तो रुपयाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार. आपला दोन बाय तीनचा कागद तीन फुटांवरून चेहऱ्याला खिडकीएवढा वाटतो. तोच दहा फुटांवर नेला की पाटीएवढा. कागद तितकाच, सावली मात्र कडक झाली. कागदाचा कोपरा ते कोपरा जेवढा भरतो, साधारण तेवढ्या अंतरावर तो चेहऱ्यापासून ठेवा. फोटोच्या चौकटीत तो येता येता राहिला पाहिजे, इतका जवळ.

बल्ब कागदाला चिकटवू नका. दीड-दोन फूट मागे ठेवा, म्हणजे पूर्ण कागद उजळतो. बल्ब जवळ असला तर मधला ताटलीएवढा भागच पेटतो, आणि मग तुमचा दिवा ताटलीएवढाच.

अंतराचं दुसरं गणित पार्श्वभूमीचं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर. कागद चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी सहा फूट, म्हणजे दिव्यापासून नऊ. भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड. आमच्या त्या खोलीची भिंत पिस्ता रंगाची, वर कॅलेंडर, खिळे, विजेच्या पट्ट्या. दिवा जवळ आणला तेव्हा ते सगळं गडद हिरव्या काळोखात विरून गेलं. काळा पडदा विकत आणावा लागला नाही. पुन्हा भिंत उजळ हवी असेल तर दिवा आणि माणूस दोघांनाही भिंतीकडे सरकवा. कागद मोठा आणि चेहरा फार जवळ असेल तेव्हा हा उतार गणितापेक्षा जरा सौम्य असतो, पण दिशा तीच.

जोडप्याचा फोटो काढताना याच नियमाने फजिती होते. दिवा तीन फुटांवर, जवळचा चेहरा तीनवर आणि दुसरा साडेचारवर. दुसऱ्याला निम्म्याहून कमी उजेड मिळतो, आणि घरी गेल्यावर विचारणा होते की मला अंधारात का ठेवलं. अशा वेळी दिवा नऊ फुटांवर न्या. नऊ आणि साडेदहा, आता दुसऱ्या चेहऱ्याला पहिल्याच्या जवळपास तीन चतुर्थांश उजेड आहे. सावली कडक होईल, तेवढं सोसायचं, किंवा जास्त मोठा कागद लावायचा. दिवा थोडा लांबच्या चेहऱ्याकडे वळवलात तर आणखी बरोबरी साधते.

पायरी सहावी: अंधाऱ्या गालाचं काय करायचं

एकच दिवा असताना दुसरी बाजू काळी पडते. किती काळी, ते तुमच्या हातात आहे. थर्माकोल त्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन फुटांवर धरा. डोळ्याखालची सावली उजळते, कानाची पाळी दिसायला लागते. एका फुटावर आणा, सावली आणखी फिकी. इतकी फिकी करू नका की दिवा कुठल्या बाजूला होता तेच कळू नये.

उलट खोली लहान आणि भिंती पांढऱ्या असल्या तर उजेड चारी बाजूंनी परत येतो आणि सावली पडतच नाही. तेव्हा थर्माकोलच्या जागी काळी शाल टांगा. ती परतणारा उजेड गिळते, गालाची कड पुन्हा उभी राहते. नवीन फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शाल जास्त लागेल, जुन्या घरात राहणाऱ्यांना थर्माकोल.

रंगीत भिंतीपासून सावध. माझ्या पिस्ता भिंतीने कितीतरी जणांचा एक गाल हिरवट केला होता आणि मला महिनाभर कॅमेऱ्यावर संशय होता. तुम्ही स्वतः लाल कुर्ता घालून चेहऱ्याजवळ उभे राहिलात तर तोही लाल छटा टाकतो. फोटो काढताना पांढरा, काळा किंवा राखाडी शर्ट घाला.

चेहरा भरलेला असेल तर माणसाला थोडं तिरकं बसवा आणि दिवा चेहऱ्याच्या पलीकडच्या, कॅमेऱ्याला कमी दिसणाऱ्या बाजूला ठेवा. रुंद गाल सावलीत जातो आणि चेहरा निमुळता दिसतो. चेहरा फार बारीक असेल तर दिवा कॅमेऱ्याकडच्या गालावर टाका.

सावळ्या रंगाबद्दल

हे मला मनापासून सांगायचं आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाचं जमवायचं होतं तेव्हा तिचा फोटो एका स्टुडिओत काढला. पाकीट घरी आलं, तिने फोटो बाहेर काढला, थोडा वेळ बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, ‘ही कोण?’ दिवे समोरून इतके मारले होते आणि वर इतकं गोरं केलं होतं की नाकाची कड, गालावरचा तीळ, सगळं धुऊन गेलं होतं. ती सावळी आहे आणि देखणी आहे. फोटोतली पोरगी दोन्ही नव्हती.

सावळा चेहरा उजेड वाढवून खुलत नाही. सावळ्या कातडीवर प्रकाशाची चकाकी जास्त स्पष्ट दिसते, आणि चेहऱ्याचा आकार त्या चकाकीतून कळतो. म्हणून दिवा बाजूला घ्या, आठच्या आसपास, कागद मोठा ठेवा आणि जवळ आणा. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, खालच्या ओठावर रुंद मऊ चमक येते. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, उजळ गालावरून ठरवा. तो गाल प्रत्यक्षात डोळ्यांना दिसतो तसाच स्क्रीनवर दिसला पाहिजे, त्याहून पांढरा नको. कॅमेरा आपोआप वर सोडला तर काळी पार्श्वभूमी बघून तो सगळंच उजळवतो, म्हणून मॅन्युअल, आकडे स्वतः ठरवा. पार्श्वभूमी अगदी काळी झाली आणि केस त्यात बुडाले तर माणसाला भिंतीजवळ दोन फूट सरकवा. केसांची कड सुटी होते. गोरं दिसण्याची मागणी येईल, घरच्यांकडूनही येईल. फोटो कॅमेऱ्यावरच दाखवा, कॅमेरा त्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरून. आजवर बहुतेक जणांनी तो बघितल्यावर मागणी मागे घेतली आहे.

दिवा नसला तर खिडकी

खिडकी हाही एकच दिवा, फक्त तो जागचा हलत नाही, म्हणून माणूस हलवायचा. उत्तरेची खिडकी बघा, तिच्यातून दुपारी थेट ऊन येत नाही. अपवाद मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, तेव्हा आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. ऊन आलंच तर बटर पेपर चिकटवा. बाकी सगळं तसंच आहे. खिडकीच्या शेजारी बसवलं की नऊ वाजले, खिडकीकडे तोंड केलं की सहा. खिडकीचा खालचा अर्धा भाग चादरीने झाका, नाहीतर उजेड खालून येतो आणि हनुवटीखाली पडायची ती सावली पडत नाही.

फ्लॅश वापरणार असाल तर तो कॅमेऱ्यावरून उतरवा आणि कागदामागे ठेवा, जागा त्याच. शटर १/२०० पेक्षा वर नेऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच्या पुढे फोटोत काळी पट्टी येते. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर कुठलातरी दुसरा उजेड खोलीत शिल्लक आहे, तो शोधून बंद करा.

शेवटची पायरी: लिहून ठेवा

चांगला फोटो आला की स्टँड उचलू नका. आधी खडूने फरशीवर तीन खुणा करा, स्टूल, दिवा, कॅमेरा. दोन फुटांच्या फरश्या असल्या तर मोजपट्टी लागत नाही, फरश्या मोजा. वहीत लिहा: दिवा दीड फरशी, साडेसातवर, बुबुळातला चौकोन दहाला, थर्माकोल एक फरशी, भिंत तीन फरश्या मागे, अपर्चर, शटर, आयएसओ. खाली नाकाच्या सावलीचं पेन्सिलने छोटं चित्र काढा. त्या माणसाचा चेहरा कसा होता तेही एका ओळीत लिहा, डोळे खोल, गाल भरलेले, चष्मा. माझ्या वहीत आजींच्या पानावर ‘दिवा एक वीत खाली, कागदाकडे बघायला सांगणे’ असं लिहिलेलं आहे, आणि खोल डोळ्यांचं कोणी आलं की मी अजून तेच पान उघडतो.